अकरा वाजताचा रिमाइंडर

त्या दिवशी मी दुकानाला गेलो नव्हतो, म्हणून ते माझ्या कानावर पडलं. पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं माझं दुकान आहे. आदल्या दिवशी एक जड पंप उचलताना कंबर धरली होती. बायकोनं सकाळी शेकून दिलं, गोळी दिली आणि पिशवी उचलली.

"जाग्यावरनं हलू नका. मी मंडईतनं येतो," असं म्हणून ती गेली. कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. परगावच्या माणसाला हसू येतं, आम्हाला ते जाणवतही नाही.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात दिवसा कधी शांतता नसते. खाली रिक्षा, समोर गिरणी, शेजारी कुणाचं तरी मोठ्यानं चाललेलं फोनवरचं बोलणं. त्या सगळ्यात स्वयंपाकघरातून एक बारीक घंटी वाजली आणि फ्रिजवरचा स्पीकर आपल्या गोड बायकी आवाजात म्हणाला, "यह रहा आपका रिमाइंडर. अक्का नहीं है. फोन नको करना."

जरा थांबून त्यानं तेच पुन्हा एकदा सांगितलं.

माझ्या अंगावर काटा आला. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. कळंब्याला राहायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते. घरात माझ्याशिवाय माणूस नाही, आणि भिंतीपलीकडून एक बाई मला सांगते आहे की अक्का नाही. मी कंबर धरून उठलो, दारात जाऊन उभा राहिलो. स्पीकरच्या कडेचा निळा दिवा एकदा फिरला आणि विझला. घड्याळात अकरा वाजून एक मिनिट झालं होतं.

तो स्पीकर आमच्याकडे येऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला नोकरीला लागली त्या वर्षी दिवाळीला घेऊन आली. कॉफीच्या डब्याएवढा, जाळीच्या कापडाचा. तो नीट मराठी बोलेना म्हणून तिनं तो हिंदीवर लावून दिला. मी पहिल्या आठवड्यात मॅचचा स्कोअर विचारून कंटाळलो. बायकोनं मात्र त्याला आपलंसं केलं. सकाळी भक्तीची वचनं लावायची, कुकर बंद करायला वेळ लावायची, उद्या पाऊस आहे का विचारायची. तिचं हिंदी म्हणजे निम्मं मराठीच, पण त्याला ते बहुतेक कळायचं. सहा वर्षांत फोडणीच्या वाफेनं जाळी चिकट झाली होती. अलीकडे दोनदा हाक मारल्याशिवाय तो ऐकायचा नाही. कधी टीव्हीतल्या माणसाला मधेच उत्तर द्यायचा. एकदा मुलीच्या स्थळाचे पाहुणे बसलेले असताना, कुणी काही विचारलेलं नसताना "माफ़ कीजिए, मुझे समझ नहीं आया" म्हणाला होता आणि सगळे हसले होते.

तसलंच काहीतरी असेल, असं मी मनाला समजावलं. पण 'अक्का नहीं है' हे काही टीव्हीतलं नव्हतं. बाहेरचा कुणीतरी आमच्या यंत्रात शिरला आहे, त्याला आमच्या घरातलं माणूस गेलेलं माहीत आहे, तो आमची चेष्टा करतो आहे, असं वाटलं. मी मुलीला फोन लावला.

"पप्पा, घाबरू नका," ती म्हणाली. "ॲप तुमच्याच फोनवर आहे की. रिमाइंडरमध्ये जाऊन बघा, कुणी लावलाय ते कळेल. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?"

ते ॲप मी दोन वर्षांत उघडलं नव्हतं. चष्मा शोधला, पलंगाच्या कडेला बसलो आणि उघडलं.

रिमाइंडर एक नव्हता. खाली सरकवत गेलो तर बारा होते, सगळे रोजचे. सात वाजता, दूध गॅसवर हाय. आठ वाजता, मीठ डाला क्या, चाखके देखना. साडेनऊला, गोळी खा ली, फिरसे नको खाना. अकरा वाजता अक्का. दीड वाजता, ये जेवायला आनेवाले है. चार वाजता, आज का वार पूछना. मी घरात असताना वाजलेली घंटी मी कुकरची समजायचो, आणि पुढचं बोलणं ती लगेच बंद करत असणार.

त्याच्या खाली आजवर विचारलेल्या प्रश्नांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एक बाण. बाण दाबला की विचारणाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. एवढं सगळं ते यंत्र जपून ठेवतं हे मला माहीत नव्हतं. मी त्या सकाळचा पहिला बाण दाबला.

"आज कौनसा वार है?" बायकोचा आवाज. हळू, तोंड अगदी यंत्राजवळ नेऊन बोलल्यासारखा. वेळ सात वाजून दहा. दुसरा दाबला. "आज कौनसा वार है?" सात वाजून बावीस. तिसरा, सात पस्तीस. तेवढा वेळ मी गरम पाण्यानं कंबर शेकत अंघोळ करत होतो. कालचे बघितले. तिथंही तेच. मी घरात जवळपास असलो की एकही प्रश्न नाही. मी बाहेर पडलो की प्रश्नांची रांग.

जिन्यावर तिची चप्पल वाजली. मी फोन उशीखाली सारला.

"लय दुखतंय काय?" दारातच तिनं विचारलं. "तोंड पांढरं पडलंय तुमचं."

"व्हय, मघाशी कळ आली हुती."

ती पिशवी ठेवायला आत गेली. बत्तीस वर्षं जिच्यासोबत काढली त्या बाईकडे मी तेव्हा पहिल्यांदा भीतीनं बघितलं. तिच्या पाठीकडे बघत होतो आणि वाटत होतं, आत नक्की कोण गेलंय.

या भीतीला कारण होतं. माझे चुलते शेवटची चार वर्षं आमच्याकडे होते. त्यांचं सगळं विस्मरणात गेलं होतं. घरात बसून ते घर कुठं आहे विचारायचे. जेवून उठायचे आणि उपाशी ठेवलं म्हणून रडायचे. त्यांचं खाणं, अंघोळ, कपडे, सगळं बायकोनं केलं. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली होती, "मला असलं काय झालं तर मला आधी सांगायचं. लपवायचं न्हाय." मी हो म्हटलं होतं. आता ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. बोललं की ते खरं होईल अशी भीती होती.

कंबर बरी झाल्यावर मी दुकानात जायला लागलो, पण कामात लक्ष कुठलं. गिऱ्हाईक नसलं की कानात इअरफोन घालायचा आणि ॲप उघडायचं. जे मी काही महिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं ते सगळं आता एकापुढे एक दिसायला लागलं. आमटीत दोनदा मीठ. तिचं हल्ली सारखं दमणं. पायाला मुंग्या येतात म्हणून रात्री पाय चोळत बसणं. कळंबा तलावावर आम्ही दर रविवारी सकाळी चालायला जायचो, ते तिनं "अडखळायला होतंय, नको" म्हणून बंद केलं होतं. वयानं होतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. तिचं वय छप्पन्न.

आणि तिचे प्रश्न. "बेटी का फोन आज आया था क्या?" यंत्राला ते माहीत नसायचं. "हळदी को हिंदी में क्या बोलते?" मग स्वतःच, "अगं बाई, हल्दीच की." एक दिवस नुसताच तिचा श्वास होता, आणि मग मराठीत, "काय बरं विचारायचं हुतं मला?" त्यावर यंत्र म्हणालं होतं, "माफ़ कीजिए, मुझे समझ नहीं आया." मी ते चार वेळा ऐकलं.

एका मंगळवारी दुपारी ऐकलं, "भूलने का रोग पहले कैसे समझता?" यंत्रानं त्यावर काय वाचून दाखवलं तेही खाली लिहिलेलं होतं. एकेक लक्षण, त्याच गोड आवाजात. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "थँक्यू."

समोर कागलकडचा एक शेतकरी मोटारीचं सील घ्यायला उभा होता. "मालक," तो म्हणाला, "बरं हाय न्हवं? घाम फुटलाय तुम्हाला." मी त्याला चुकीचं सील दिलं. संध्याकाळी तो परत आला आणि शिव्या देऊन बदलून घेऊन गेला.

असे तीन आठवडे गेले. मुलीला सांगितलं नाही. ती घाबरून धावत येईल, मग बायकोला कळेल, असं वाटायचं. खरं तर मी ऐकतो आहे हे बायकोला कळू नये असंच मला वाटत होतं. पण त्या ऐकण्याची सवयही लागली होती. प्रश्न आला की ती घरात आहे, उभी आहे, बोलते आहे, एवढं तरी कळायचं.

म्हणून एका शुक्रवारी जेव्हा एकही प्रश्न आला नाही, तेव्हा मी फोन हातातून खाली ठेवेना. सकाळी साडेनऊला मी घरातून निघालो होतो. दहा वाजले, काही नाही. अकरा वाजले. मी यादी पुन्हापुन्हा खाली ओढत होतो. मग वर बारीक अक्षरात दिसलं की यंत्राचा संपर्क नाही. लाईट गेली असेल म्हणून शेजारणीला फोन केला.

"लाईट हाय की," शेजारीण म्हणाली. "का वो? वैनी मघाशी बाहेर पडल्या. कुलूप लावताना बघितलं मी."

"पिशवी हुती हातात?"

"न्हाय. चांगली साडी नेसल्या हुत्या."

बायकोचा फोन वाजत राहिला. घरी गेलो तर तो टेबलावरच वाजत होता. फ्रिजवर स्पीकर होता, पण त्याची वायर काढून नीट गुंडाळून शेजारी ठेवली होती. ती गुंडाळलेली वायर मी हातात घेतली. माणूस कायमचं कुठं जाताना घर आवरून जातो, तसं मला ते वाटलं. नको ते सगळं डोळ्यांपुढे आलं. रंकाळा तलावही आला.

पोलिसांना सांगावं की मुलीला, काही सुचेना. घड्याळात बघितलं. अकरा वीस. आणि अक्का आठवली. बायको रोज अकरा वाजता अक्काला फोन करायची, तीस वर्षं. अक्का गेल्याचं विसरून ती आज सरळ भेटायलाच गेली असेल का? नंतर मला कळलं की त्याआधी एकदा तिनं खरंच फोन लावला होता. तो अक्काच्या मुलानं, भाच्यानं उचलला. ती म्हणाली, "अक्काला दे." भाचा रडायला लागला. त्या दिवशी दुपारी तिनं तो रिमाइंडर लावला.

स्कूटर काढली. कळंब्याचा रस्ता मी हजारदा गेलो असेन, पण तो कधी एवढा लांब वाटला नव्हता. प्रत्येक स्टॉपवर, प्रत्येक झाडाखाली बसलेल्या बाईकडे बघत गेलो. जेलच्या भिंतीपाशी एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी दिसली. जवळ गेलो तर ती दुसरीच.

अक्काचं घर तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. भाचा कामावर गेलेला असतो, घर बंद असतं. गल्लीत वळलो आणि बघितलं, बंद दारासमोरच्या कट्ट्यावर बायको बसली होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मला बघून ती दचकली नाही.

"आलासा?" ती म्हणाली.

मी स्कूटर स्टँडला लावायला गेलो, ती कलंडली. तिनंच उठून हात दिला.

"अगं, अक्का..." मी म्हणालो.

"अक्का न्हाय. ठाऊक हाय मला." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तिला भेटाय आलो न्हाय मी. रस्ता आठवतोय का बघाय आलो. त्या डब्याला न विचारता, फोन न घेता. दोनदा चुकलो. एकदा भलत्याच स्टॉपवर उतरलो. पण आलो की न्हाय?"

"आलीस की."

"मग रडताय कशाला?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कंबर धरली तो दिवस, ॲप, यादी, दुकानात इअरफोन घालून ऐकलेलं एकेक. ती ऐकत होती तसा तिचा चेहरा घट्ट होत गेला.

"म्हणजे मी एकटी हाय म्हणून बोलत हुतो, आणि तुम्ही ऐकत हुता?"

"व्हय."

"तीन आठवडे?"

"व्हय."

"आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवत हुता. काय झालंय म्हणून एकदा इचारलं न्हाय."

गल्लीतून एक म्हातारा म्हैस घेऊन गेला, तो आमच्याकडे वळूनवळून बघत होता. मग ती म्हणाली, "मला लय भ्या वाटतंय हो. तुमच्या काकांचं मी केलं. माझं कोण करणार?"

"मी करीन."

"तुम्हाला कुकर लावाय येत न्हाय," ती म्हणाली, आणि मग तीही रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलीला आदल्या संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं होतं, ती रात्रीतून पोचली होती. डॉक्टर तरुण होते, फार बोलायचे नाहीत. वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. तिला दोनच आठवले. मग त्यांनी तिची जीभ बघितली आणि बराच वेळ बघत राहिले. लोखंडी दुबोटी काटा हातावर वाजवून तिच्या घोट्याला टेकवला.

"थरथर जाणवते का?"

"कसली थरथर?" तिनं विचारलं.

तोच काटा माझ्या मनगटाला लागला असता तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या असत्या.

"मांसाहार करता?"

"न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

"दूध, दही?"

"सोडलंय. पित्त होतं."

"पित्ताची गोळी घेता?"

"रोज सकाळी. चार वर्षं झाली."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. रक्ताच्या तपासण्या, डोक्याचा एमआरआय. "आत्ता काही सांगत नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट बघू."

रिपोर्टला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आम्ही तिघं एकाच खोलीत असायचो आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बायकोनं वायर परत जोडायला सांगितलं. मुलीनं जोडली. मग बायको माझ्याकडे वळली.

"लावा. मला पण ऐकायचंय."

"कशाला उगंच?"

"माझा आवाज हाय. मला न्हाय ऐकायचा तर कुणी ऐकायचा?"

मी फोन तिच्या हातात दिला. ती एकेक बाण दाबत गेली. वाराचे प्रश्न ऐकले, हळदीचा ऐकून किंचित हसली. नुसत्या श्वासाचा आला तेव्हा मुलगी उठून बाल्कनीत गेली. बायको शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं मुलीला आत बोलावलं आणि ते सगळे आवाज पुसून टाकायला सांगितलं. आणि ॲप माझ्या फोनवरून काढून स्वतःच्या फोनवर घालून घेतलं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी एमआरआयचा कागद बाजूला ठेवला आणि रक्ताचा पुढे घेतला.

"बी ट्वेल्व्ह," ते म्हणाले. "जवळजवळ नाहीच. मांसाहार नाही, दूध नाही, वर रोज पित्ताची गोळी. थायरॉईडही बिघडलेलं आहे. एमआरआय वयाच्या मानानं ठीक."

"म्हणजे?" मुलीनं विचारलं.

"म्हणजे ज्याची तुम्हाला भीती वाटते आहे, ते हे बहुधा नाही. इंजेक्शनं सुरू करू. बरंच भरून येईल. सगळं येईल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. उशीर झालाय थोडा."

'बहुधा' आणि 'उशीर' हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो. मुलीनं आनंदानं पेढे आणले. बायकोनं एक खाल्ला, मला खाववेना. ती तीन आठवड्यांची चूक माझी होती. ऐकलं त्याच दिवशी बोललो असतो तर ते तीन आठवडे तरी वाचले असते. डॉक्टरांना मी एकट्यानं जाऊन तसं विचारलं. ते म्हणाले, एवढ्यानं फरक पडला नसता. ते माझी समजूत घालत होते की खरं सांगत होते, मला आजही माहीत नाही.

इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. दीड महिन्यानं मुंग्या कमी झाल्या. तिसऱ्या महिन्यात ती वार न विचारता सांगायला लागली. रिमाइंडर तिनं एकेक करून काढले, कुठला कधी काढला ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मीठ नीट पडतं. पित्ताची गोळी बंद झाली, ताक सुरू झालं. मी कुकर लावायला शिकलो, शिट्ट्या मोजायला अजून चुकतो.

वर्ष झालं या गोष्टीला. दर सहा महिन्यांनी डॉक्टर तेच तीन शब्दांचं करायला लावतात. गेल्या वेळी तिन्ही आले. पण डावा पाय अजून सुन्न आहे, आणि माणसांची नावं कधीकधी तिच्या तोंडाशी येऊन थांबतात.

परवा सकाळी ती चहा गाळताना काहीतरी सांगत होती. गल्लीतल्या कुणाच्या लग्नाचं. बोलता बोलता एका नावावर अडली. गाळणी हातात तशीच, डोळे भिंतीवर. नाव मला माहीत होतं, मी तोंड उघडलं.

तिनं मोकळा हात वर केला.

"मधी बोलू नका," ती म्हणाली. "आठवतोय मी."

मी तोंड मिटलं. चहा गार होत होता. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला, एक रिक्षा वळून गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग तिनं नाव घेतलं, बरोबर घेतलं, आणि कप माझ्यापुढे सरकवला.